उजवा आरसा

आमच्या ओस्टरव्हेन गावात आज जी माणसं तिशी-चाळिशीत आहेत, त्यांतल्या बहुतेकांना रूली ओस्टिंगने पाण्यात उतरवलंय. ढकललं मात्र कुणालाच नाही. गावात जिकडे बघावं तिकडे कालवे, त्यामुळे पोराला चालता आलं की पाठोपाठ पोहता यायलाच हवं, आणि तेही अंगात कपडे नि पायात बूट असताना. कारण कालव्यात पडणारं पोर काही कपडे उतरवून पडत नाही. गावच्या तलावावर रूलीने तीस वर्षं हेच शिकवलं. हातात लांब काठी, काठीच्या टोकाला कडी, आणि काठावरून ती पोरांच्या बरोबरीने चालायची. बाकीचे शिक्षक "घाबरू नकोस, काही होत नाही" असं सांगून घसा कोरडा करायचे. रूलीला ते पटायचं नाही. ती म्हणायची, "घाबर तू. खुशाल घाबर. फक्त काठी सोडू नकोस."

अशी ही बाई स्वतः मात्र एका गोष्टीला तीस वर्षं घाबरत आली, आणि ती गोष्ट वर्षातले दहा महिने शेजारच्या बेरेंटच्या रिकाम्या गोठ्यात झाकून ठेवलेली असायची. ती म्हणजे तिची नि नवऱ्याची कॅरव्हॅन, गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर. बेरेंटने गाई विकल्यापासून अर्ध्या गावाच्या कॅरव्हॅन हिवाळाभर त्याच्याच गोठ्यात असतात. रूलीला कॅरव्हॅनमध्ये राहायला आवडायचं. तिथला एवढासा ओटा, बाकाखालचे कप्पे, तिने स्वतः शिवलेले पिवळे पडदे, सगळं आवडायचं. पण ती गाडीमागे जोडून आपण ओढत न्यायची, असं नुसतं मनात आलं तरी ती चटकन दुसऱ्या कामाला लागायची.

त्याला कारण कासेल. इथून दक्षिणेला जाणाऱ्याला जर्मनीत कासेलचे डोंगर चुकत नाहीत. मुलगी हिल्का आठ वर्षांची असताना एका उन्हाळ्यात लामर्टची, म्हणजे रूलीच्या नवऱ्याची, पाठ वाटेतच धरली. म्हणून रूलीने स्टिअरिंग हातात घेतलं. सपाटीवर सगळं छान चाललं होतं. उतार लागला, डावीकडून एक ट्रक जोरात पुढे गेला, त्याच्या वाऱ्याने कॅरव्हॅनचं ढुंगण हललं, आणि ती सरळ करायला म्हणून रूलीने स्टिअरिंग उलटं फिरवलं. तिथेच चुकलं. पुढचा हेलकावा दुप्पट झाला, त्याच्या पुढचा त्याहून मोठा. आरशात मागचा रस्ता दिसायचा, तिथे तिला स्वतःचेच पिवळे पडदे दिसले. हिल्का मागच्या सीटवरून किंचाळत होती. शेवटी सगळं लटांबर रस्त्याच्या कडेला आडवं होऊन थांबलं. कुणाला खरचटलंही नाही, आतल्या बशा तेवढ्या फुटल्या. पण त्या दिवसानंतर रूलीने कॅरव्हॅन जोडलेल्या गाडीचं स्टिअरिंग हातात धरलं नाही.

लामर्टने तिला त्यावरून कधी बोल लावला नाही. त्याने त्याहून वाईट केलं. त्याने त्याचा विनोद केला. वाढदिवसाला घरात खुर्च्या गोल मांडून सगळे बसले, कॉफी आणि केकचा एकेक तुकडा हातात आला, की याचं सुरू व्हायचं. "आमची रूली म्हणजे फार अदबशीर बाई! कासेलच्या उतारावर कॅरव्हॅनला म्हणते, तू हो पुढे, मी येते मागून!" सगळे हसायचे, रूलीही हसायची आणि कॉफीची किटली घेऊन पुन्हा एक फेरी मारायची. किटली धरलेले तिचे हात थंड पडलेले असायचे, ते कुणाला कळायचं नाही.

गेल्या नोव्हेंबरात लामर्टला मेंदूचा झटका आला. फार मोठा नव्हता. बोलणं शाबूत राहिलं, हातपाय हलत राहिले, आठवड्यात तो घरी परत आला. डॉक्टर म्हणाले, सहा महिने गाडी चालवायची नाही, मग तपासणी करू आणि बघू. घरी आला तो माणूस मात्र वेगळाच होता. तीस-बत्तीस वर्षं कालव्यावरचा पूल उचलण्याचं काम केलेला, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक नावेवरच्या माणसाची फिरकी घेणारा लामर्ट खिडकीपाशी खुर्चीत नुसता बसून राहायला लागला. रूलीने विचारलं तर "हं" म्हणायचा. त्या खुर्चीची तिला धास्ती बसली. हा माणूस एक दिवस या खुर्चीतच संपून जाईल, असं तिला वाटायचं.

आणि मग जानेवारीत एका सकाळी तो उठला, कपाटातून मोठा नकाशा काढला आणि जेवणाच्या टेबलावर पसरला.

"यंदा इटलीत गार्डा सरोवराला जायचं," तो म्हणाला. "नेहमीसारखं. नेहमीची जागा, त्या दोन झाडांमधली."

त्या दिवसापासून लामर्ट परत माणसात आला. बेरेंटकडे जाऊन टायर तपासून आला, गॅसच्या टाक्या भरून आणल्या, शिट्टी वाजवत जिन्यावरून उतरू लागला. हिल्का कळल्याबरोबर धावत आली. ती अडतीस वर्षांची, स्वतःची दोन पोरं असलेली बाई, पण बापासमोर तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला.

"बाबा, यंदा राहू दे ना! विमानाने जा, हॉटेलात राहा."

"हॉटेलात? सकाळी कुणीतरी परका माणूस मला अंडं उकडून देणार?" लामर्ट म्हणाला. "आणि बटाटे कुठे ठेवू, विमानाच्या शेपटीत?"

लामर्ट दर वर्षी पोतंभर बटाटे इथून नेतो. इटलीत बटाटे मिळतात हे त्याला मान्य आहे. ते खाण्यासारखे असतात हे मान्य नाही.

"पण चालवणार कोण?"

"सपाट रस्त्यावर तुझी आई. कासेल आणि इटलीत उतरणारा ब्रेनरचा घाट माझा. तोवर माझे सहा महिने संपलेले असतात."

हिल्काने आईकडे बघितलं. आई टेबलक्लॉथवरचे चुरे गोळा करत होती. जाताना दारात हिल्का कुजबुजली, "आई, तू थांबव त्याला. तुझं ऐकेल तो."

"बघते," रूली म्हणाली.

पण तिने बघितलं नाही. सहा महिन्यांनंतरची ती तपासणी मे महिन्यात होती. लामर्टने फोन करून ती सप्टेंबरात ढकलली. "आधी सुट्टी, मग डॉक्टर," तो म्हणाला, आणि रूलीने त्यावर अवाक्षर काढलं नाही. एकदाच तिने नकाशावर वाकून विचारलं, "कोलोनवरून नाही का जाता येणार? तिकडे डोंगर कमी."

"कोलोन? तिकडे कुठला रस्ता?" लामर्ट म्हणाला. त्याचं बोट नकाशाच्या उजव्या भागावरच फिरत होतं. "रस्ता हा एकच. कासेल, म्युनिक, ब्रेनर. तुला कासेल नको, असं सरळ सांग की!"

तो चेष्टा करतोय असं समजून ती हसली. पण कोलोनचा तो जाडजूड लाल रस्ता नकाशावर अगदी त्याच्या डाव्या मनगटाशी होता, आणि तिचं हसू अर्ध्यावरच राहिलं.

कारण तिला ताटाचं ठाऊक होतं.

ताटाचं सुरू झालं नाताळात. इथे गरम जेवण संध्याकाळी सहाला, दिवसातून एकदाच. बटाटे, फरसबी, खिम्याचे दोन गोळे, बटाट्यात खळगा करून त्यात रस्सा. एका संध्याकाळी लामर्टने उजव्या बाजूचे बटाटे खाल्ले, उजव्या बाजूचा गोळा खाल्ला, आणि काटा खाली ठेवला. "एकच गोळा? महागाई वाढली वाटतं," तो म्हणाला. ताटाच्या डाव्या अर्ध्या भागाला काटाही लागलेला नव्हता. बटाटा मधोमध कापल्यासारखी रेघ दिसत होती. रूलीला आधी वाटलं, फिरकी घेतोय. मग तिने त्याच्या डोळ्यांकडे बघितलं आणि तिला कळलं, हा चेष्टा करत नाहीये. तिने उठून रश्श्याचं भांडं आणलं, आणि रस्सा घालता घालता ताट हळूच अर्धं फिरवलं.

"हा बघ, दुसरा!" लामर्ट खूश झाला. "लपवून ठेवला होतास होय?"

तेव्हापासून रोज संध्याकाळी ती काही ना काही निमित्त काढून ताट फिरवायची. कधी मीठ, कधी रस्सा, कधी नुसतंच "अजून घेतोस?" लामर्ट पोटावरून हात फिरवून म्हणायचा, "तू मला फुगवणार आहेस." डावीकडचं त्याला दिसत नव्हतं की दिसूनही उमगत नव्हतं, हे तिला सांगता आलं नसतं. पण त्याच्या जगाची डावी बाजू कुठेतरी गळून पडली होती, आणि त्याचा त्याला पत्ताच नव्हता. तिने हे डॉक्टरांना सांगितलं नाही, हिल्काला सांगितलं नाही. का सांगितलं नाही, तेही तिला पक्कं ठाऊक होतं. सांगितलं असतं तर एक तर लामर्ट परत त्या खुर्चीत गेला असता, नाहीतर ब्रेनरच्या घाटात स्टिअरिंगवर ती स्वतः असती. दोन्हींची तिला सारखीच भीती वाटत होती. म्हणून ती ताट फिरवत राहिली आणि मनाला समजावत राहिली, उन्हाळ्यापर्यंत होईल बरा.

जूनमध्ये बेरेंटने ट्रॅक्टरने ओढत कॅरव्हॅन त्यांच्या दारात आणून उभी केली. निघण्याआधी दोन-तीन दिवस दारात कॅरव्हॅन उभी करून भरायची, ही इथली रीत. सगळी आळी येता-जाता डोकावते, काय नेताय, कुठे चाललात, म्हणून चौकशी करते. भरण्याचं काम लामर्टचं. रूली घरातून सामान आणून पायरीवर ठेवायची, आणि तो दारात उभा राहून आत लावायचा. बटाट्याचं पोतं, तंबू, घड्या घालायच्या खुर्च्या, बाटल्यांची खोकी, शेंगदाण्याच्या लोण्याच्या बरण्या, कॉफी. दिवसभर हे चालू होतं आणि लामर्ट मजेत होता.

संध्याकाळच्या आधी वजनाचा कार्यक्रम झाला. कॅरव्हॅनचं नाक गाडीच्या हुकावर बसतं. त्या नाकाचा भार पंच्याहत्तर किलोच्या वर गेला, तर गाडीचं तोंड वर उचललं जातं आणि स्टिअरिंग रस्ता धरत नाही. फारच कमी पडला, तर मागची कॅरव्हॅन शेपूट हलवायला लागते. ते मोजायला आमच्याकडे न्हाणीघरातला वजनकाटा रस्त्यावर येतो. काट्यावर लाकडाचा ठोकळा उभा करायचा, त्यावर नाक टेकवायचं, आणि गुडघ्यांवर बसून आकडा वाचायचा. बेरेंट नेहमीप्रमाणे खिशात हात घालून समोरच्या फुटपाथवर उभा होता. हा कार्यक्रम त्याने कधी चुकवला नाही.

लामर्ट गुडघ्यांवर बसला आणि ओरडला, "पासष्ट! अगदी बेतात!"

"तुझा हात बसलाय बाबा," बेरेंट तिकडून म्हणाला.

रूली ठोकळा धरायला वाकली होती. तिने आकडा बघितला. काट्यावर १६५ होते.

तिने डोळे मिटून परत उघडले. १६५. आकड्यातला डावीकडचा एक लामर्टच्या लेखी नव्हताच. ती कॅरव्हॅनमध्ये चढली. दारातून आत शिरलं की उजव्या हाताला पुढचा भाग येतो आणि डाव्या हाताला मागचा. पुढच्या बाकाखाली, बाकावर, बाकासमोर, छतापर्यंत सामान रचलेलं होतं. पोतं, तंबू, खोकी, सगळं पुढे. मागे वळून तिने मागचा कप्पा उघडला. रिकामा. त्याच्या शेजारचा उघडला. त्यात गेल्या वर्षीची एक चप्पल होती, बाकी काही नाही. मागची गादी, मागची फडताळं, सगळी कोरी. दिवसभर हा माणूस या दारात उभा होता, आणि अर्धी कॅरव्हॅन त्याला दिसलीच नव्हती.

रूली त्या कोऱ्या गादीवर बसली. ब्रेनरचा उतार तिच्या डोळ्यांसमोर आला, आणि डावीकडून येणारे ट्रक, एकामागून एक, जे लामर्टसाठी नव्हतेच. याच्या हाती स्टिअरिंग देऊन शेजारी निवांत बसायचा बेत आपण केला होता, हे तिला आता पहिल्यांदा धडधडीत कळलं. बाहेर लामर्ट बेरेंटला कासेलची गोष्ट सांगत होता. तू हो पुढे, मी येते मागून. दोघं हसले.

बेरेंटच्या देखत ती "चला, जेवायला," एवढंच म्हणाली.

सहा वाजता तिने ताटं वाढली. बटाटे, फरसबी, खिम्याचे दोन गोळे. लामर्टने उजवीकडचे बटाटे संपवले, गोळा संपवला, काटा ठेवला, आणि वाट बघत बसला. रूली जागची हलली नाही.

"आज विचारत नाहीस, अजून घेतोस का म्हणून?"

"लामर्ट, ताट फिरव."

"काय?"

"समोरचं ताट धर आणि फिरव. अर्धं."

त्याने हसत हसत दोन्ही हातांनी ताट धरलं आणि फिरवलं. खिम्याचा गोळा, बटाटे, फरसबी समोर आली. तो बघत राहिला. मग त्याने ताट परत उलटं फिरवलं, गोळा नाहीसा झाला. पुन्हा फिरवलं, गोळा आला. रूलीने तीस वर्षांत पाण्याच्या काठावर हजारो चेहरे बघितले होते. त्या हजारांमध्ये इतका घाबरलेला चेहरा तिने बघितला नव्हता.

"हे कधीपासून?" त्याने विचारलं.

"नाताळापासून."

"रोज?"

"रोज."

"आणि रोज तू फिरवत होतीस?"

"हो."

"का?" लामर्टने टेबलावर हात आपटला. "का गं? मी काय लहान पोर आहे? सांगितलं का नाहीस?"

"कारण मग ब्रेनर मला चालवावा लागला असता!" रूली ओरडली. घरात ती इतक्या मोठ्याने कधी बोलली नव्हती. "कारण मी भित्री आहे, लामर्ट! तुला दिसत नाही हे मला माहीत होतं, आणि तरी मी तुला घाटात चालवायला देणार होते. मी शेजारी बसणार होते डोळे मिटून. तिकडे काट्यावर एकशे पासष्ट आहेत. तू पासष्ट वाचलेस. मागचे सगळे कप्पे रिकामे आहेत, जा बघून ये."

लामर्ट गेला नाही. ताटाच्या दोन्ही कडा धरून बसून राहिला.

"मग कॅरव्हॅन विकून टाकू," शेवटी तो म्हणाला. "बेरेंटला सांगतो, घेऊन जा म्हणून." आणि उठून खिडकीपाशी त्या खुर्चीत जाऊन बसला.

त्याला तिथे बसलेला बघून रूलीला जी भीती वाटली, ती कासेलच्या भीतीपेक्षा मोठी होती. दोन भीतींची अशी शेजारी शेजारी तुलना तिने आजवर केली नव्हती. ती सरळ बाहेर गेली, कॅरव्हॅनमध्ये चढली आणि बटाट्याचं पोतं ओढायला लागली. पोतं जड होतं, ती घामाघूम झाली, दोनदा थांबली, पण तिने ते मधे, चाकांच्या वर आणलं. मग तंबू. मग खोकी. थोड्या वेळाने पायरीवर पावलं वाजली.

"तंबू तिथे नाही, अजून मागे," दारातून लामर्ट म्हणाला. "मला दिसत नाहीये, पण कुठे असायला पाहिजे ते माहिती आहे मला."

निघणं एक आठवडा पुढे गेलं. बटाट्याच्या पिठाच्या बंद पडलेल्या कारखान्याचं मोठं पटांगण गावाबाहेर आहे. बेरेंट रूलीला रोज सकाळी तिथे घेऊन जायचा, आणि ती कॅरव्हॅन जोडून गोल गोल चालवायची. पहिल्या दिवशी तिने स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं की संध्याकाळी तिला बटाटे सोलता येईनात. बेरेंटने एरवी कधी खिशातून हात काढले नसतील, ते त्याने आता हवेत फिरवले.

"अगं बाई, हलायला लागली तर स्टिअरिंग सरळ धर! सरळ! तिला वळवून समजवायला जाऊ नकोस. अॅक्सिलरेटरवरचा पाय उचल आणि ब्रेक दाब."

"मला भीती वाटते बेरेंट."

"वाटणारच. मागे घर बांधलंय तुझ्या."

हिल्काला सगळं सांगितलं तेव्हा ती आधी रडली, मग भडकली. "तू नेणार? तू? आई, मागच्या सीटवर मी होते! मला अजून आठवतात ते पडदे!"

"मलाही आठवतात," रूली म्हणाली. "मी काही बरी झालेली नाही, हिल्का. भीती आहे तशीच आहे. पण मी त्याला त्या खुर्चीत नाही ठेवणार. आणि डॉक्टरांना मी फोन केलाय. आल्या आल्या तपासणी, त्याने दिलेली सप्टेंबरची तारीख रद्द."

निघायच्या सकाळी वजनकाटा पुन्हा रस्त्यावर आला. या वेळी रूली गुडघ्यांवर बसली. सत्तर. गाडीच्या दोन्ही बाजूंना लांब दांड्यांचे जादा आरसे लावलेले होते, कॅरव्हॅनच्या मागचं दिसावं म्हणून. लामर्ट उजवीकडच्या, म्हणजे चालकाच्या शेजारच्या, दाराशी घुटमळत उभा होता. कॅरव्हॅन मागे जोडलेली असताना त्या बाजूने त्याने उभ्या जन्मात प्रवास केला नव्हता, पाठ धरली तो एक दिवस सोडला तर.

"मी काय करू तिथे बसून?" तो म्हणाला. "पिशवीसारखा?"

रूलीने उजवा आरसा त्याच्याकडे वळवला, जरा जास्तच, म्हणजे स्वतःला त्यात जवळजवळ काही दिसणार नाही इतका.

"हा तुझा," ती म्हणाली. "उजवीकडचं सगळं तू बघायचंस. कोण येतंय, रस्त्याची कड किती लांब आहे, कॅरव्हॅन रेषेत आहे का. मी तिकडे बघणारच नाही. तू नाही सांगितलंस तर आपण मेलो."

"आणि डावीकडचं?"

"डावीकडे मी बसलेय."

लामर्टने डावीकडे मान वळवली, आणखी वळवली, पार खांद्यापर्यंत, तेव्हा ती त्याला सापडली. मग त्याने बेल्ट लावून घेतला.

सपाटीवर सगळं ठीक चाललं. कासेल जवळ आलं तशी तिची पाठ सीटला चिकटेनाशी झाली. मग तो चढ आला, आणि मग तो उतार. आरशात मागून एक ट्रक वाढत वाढत आला आणि डाव्या खिडकीत अंधारून आलं.

"डावीकडे काहीतरी आहे ना?" लामर्टने विचारलं. त्याला तो दिसत नव्हता, नुसता आवाज येत होता.

"ट्रक आहे."

"मोठा?"

"लामर्ट, खूप मोठा आहे."

"मला भीती वाटतेय रूली," तो म्हणाला. लग्नानंतरच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत हे वाक्य त्याने पहिल्यांदा उच्चारलं. "उजवीकडे मोकळं आहे. कॅरव्हॅन रेषेत आहे. कड हातभर लांब."

वाऱ्याचा धक्का बसला. कॅरव्हॅन हलली. रूलीचे हात आपोआप फिरायला निघाले होते. तिने ते दातओठ खाऊन सरळ धरले, पाय उचलला, ब्रेक दाबला. मागून एक हेलकावा आला, मग एक त्याहून लहान.

"रेषेत," लामर्ट ओरडत होता. "रेषेत आहे! रेषेत आहे!"

ट्रक पुढे निघून गेला.

उतार संपल्यावर पहिली थांबायची जागा आली तिथे तिने गाडी आत घेतली. इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवून हमसून हमसून रडली. अजून सगळा ब्रेनर शिल्लक होता, आणि तिची भीती कणभरही कमी झालेली नव्हती. लामर्टने थर्मासमधली कॉफी ओतली, कारण तिच्या हातांना झाकण उघडेना. तिने डोळे पुसले आणि पाव-चीजचा डबा काढून त्याच्या मांडीवर ठेवला.

तो खात होता. उजवीकडचे दोन पाव संपले, आणि तो थांबला. रूली त्या डब्याकडे बघत होती, पण तिने हात पुढे केला नाही. लामर्टने खिडकीतून बाहेर बघितलं, समोरच्या कॅरव्हॅनवाल्यांना हात केला. मग डब्याच्या दोन्ही कडा धरल्या, आणि तो स्वतः फिरवला.

"अजून दोन आहेत," तो म्हणाला, आणि त्यांतला एक तिला दिला.